चाहत्यांची चिंता आणि साहसदृश्याचे सौंदर्यशास्त्र : ‘क्वांटम ऑफ सोलेस’च्या संदर्भात

प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपटाचा चाहता हा समीक्षेच्या दृष्टीने बहुधा उपेक्षित घटक राहिला आहे. एक तर तो बाजारपेठेने घडविलेला ग्राहक मानला जातो, नाहीतर नायकाचा भाबडा भक्त. त्याच्या आवडीनिवडींची दखल समाजशास्त्राने घ्यावी, सौंदर्यविचाराने नव्हे, अशी एक अलिखित विभागणी अभ्यासक्षेत्रात रूढ झालेली दिसते. त्यातही हाणामारी, पाठलाग, उड्या आणि स्फोट यांविषयी चाहता काही बोलू लागला की त्याचे बोलणे केवळ करमणुकीच्या खात्यावर जमा केले जाते.

ही विभागणी तपासून पाहण्याजोगी आहे. नवा हेरपट येणार असे जाहीर झाल्यापासून तो प्रदर्शित होईपर्यंतच्या काळात चाहते ज्या आशा आणि चिंता व्यक्त करतात, त्यांत पुष्कळदा कलाकृतीच्या घाटाविषयीचे नेमके प्रश्न दडलेले असतात. प्रस्तुत लेखात २००८ साली प्रदर्शित झालेल्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’ या जेम्स बाँडपटाच्या आधारे या विधानाचा विचार केला आहे. या चित्रपटातील साहसदृश्यांविषयी आधीच व्यक्त झालेली चिंता कितपत रास्त होती, आणि तिच्यातून साहसदृश्याच्या आस्वादाविषयी कोणते तत्त्व हाती लागते, एवढाच या विवेचनाचा मर्यादित हेतू आहे.

चिंतेची पार्श्वभूमी

बाँडमालिकेतील विसावा चित्रपट ‘डाय अनदर डे’ २००२ मध्ये आला. त्यात अदृश्य होणारी मोटार होती. कोसळत्या हिमकड्यामुळे उसळलेल्या प्रचंड लाटेवर नायक स्वार होतो असे दृश्यही होते. हे दृश्य संगणकाच्या साहाय्याने घडविलेले होते आणि ते तसे आहे हे पडद्यावर लपत नव्हते. ज्या मालिकेने १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’मध्ये बर्फाच्या कड्यावरून एका माणसाला प्रत्यक्ष झेप घ्यायला लावली आणि १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये स्वित्झर्लंडमधील सुमारे २२० मीटर उंचीच्या धरणावरून उडी दाखविली, त्या मालिकेच्या चाहत्यांना ही लाट खोटी वाटली यात नवल नाही.

२००६ चा ‘कॅसिनो रॉयल’ हे या नाराजीला मिळालेले उत्तर होते. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनी साहसदृश्ये पुन्हा जमिनीवर आणली. मादागास्करमधील म्हणून दाखविलेल्या पाठलागात सेबॅस्टियन फुकाँ हा पार्कूर या धावण्या-उडण्याच्या शारीरिक शिस्तीचा जाणकार पळतो आणि डॅनियल क्रेग यांचा बाँड त्याच्या मागे धावतो. पुढे एका प्रसंगात बाँडची मोटार सात वेळा उलटीपालटी होते. या कसरतीची विक्रम म्हणून नोंदही झाली.

याच सुमारास हेरपटात दुसरी एक शैली प्रतिष्ठा मिळवीत होती. पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बोर्न सुप्रीमसी’ (२००४) आणि ‘द बोर्न अल्टिमेटम’ (२००७) या चित्रपटांत कॅमेरा हातात धरलेला, सतत हलणारा, तर संकलन अतिशय तुटक होते. ‘अल्टिमेटम’मधील एका शॉटची सरासरी लांबी सुमारे दोन सेकंद भरते. या चित्रपटाला संकलनाचा ऑस्करही मिळाला. १९३० ते १९६० या काळातील हॉलिवूडपटांत शॉटची सरासरी लांबी आठ ते अकरा सेकंद असे, हे चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांचे निरीक्षण लक्षात घेतले म्हणजे बदलाचा वेग ध्यानात येतो.

या पार्श्वभूमीवर ‘क्वांटम’ची जुळवाजुळव सुरू झाली. दिग्दर्शक म्हणून मार्क फॉर्स्टर यांची निवड झाली. ‘मॉन्स्टर्स बॉल’ (२००१) आणि ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ (२००४) या चित्रपटांमुळे ते व्यक्तिरेखांच्या सूक्ष्म चित्रणासाठी ओळखले जात. मोठ्या साहसपटाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. हॉलिवूडच्या पद्धतीत पाठलाग, अपघात, झुंजी यांचा बराच भाग ‘सेकंड युनिट’ म्हणजे दुसरे चित्रीकरण पथक टिपते आणि त्या पथकाला स्वतंत्र दिग्दर्शक असतो. ‘क्वांटम’साठी ही जबाबदारी ‘बोर्न’पटांत तेच काम केलेल्या डॅन ब्रॅडली यांच्याकडे आली. संकलकांच्या जोडीतील रिचर्ड पिअर्सन यांनीही ‘सुप्रीमसी’चे सहसंकलन केलेले होते. चाहत्यांची आशा आणि चिंता या दोन्हींचे मूळ या निवडींत होते. ‘कॅसिनो रॉयल’ने कमावलेला जिवंतपणा अधिक धारदार होईल, ही आशा होती. बाँडपट ‘बोर्न’पटाची नक्कल होईल आणि पडद्यावर काय चालले आहे तेच कळणार नाही, ही चिंता होती.

चिंतेचे दोन प्रकार

चाहत्यांची प्रत्येक चिंता ग्राह्य असते असे मात्र नाही. २००५ मध्ये बाँडच्या भूमिकेसाठी क्रेग यांचे नाव जाहीर झाले तेव्हा काही चाहत्यांनी तीव्र विरोध केला. त्यांचे केस सोनेरी आहेत, चेहरा राकट आहे, ते बाँड ‘दिसत’ नाहीत, असे आक्षेप होते. काहींनी बहिष्काराचीही भाषा केली. पुढच्याच वर्षी चित्रपट आला आणि हे आक्षेप निष्प्रभ ठरले.

२००५ ची चिंता आणि २००८ ची चिंता यांत मूलभूत फरक आहे. पहिली चिंता प्रतिमेविषयीची होती. मनात ठसलेले चित्र बदलू नये एवढीच तिची मागणी होती आणि म्हणून ती केवळ सवयीतून आलेली होती. दुसरी चिंता कृतीविषयीची होती. पडद्यावर जे घडते ते कोण, कुठे, कशाने आणि कशासाठी करतो हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे, ही तिची मागणी होती. ही मागणी घाटाची आहे. तिचा विचार सवयीचा भाग म्हणून नव्हे, तर आस्वादाची अट म्हणून करावा लागतो.

सविकल्प समाधी आणि साहसदृश्य

या अटीचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी मराठी साहित्यविचारातील एक जुनी संकल्पना उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदा येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’चा सिद्धान्त मांडला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण तसे होताना त्याचे स्वत्व पुसले जात नाही. या दुहेरी जाणिवेतून वाङ्मयीन आनंद निर्माण होतो, असा या विचाराचा आशय आहे. केळकरांपुढे अर्थातच साहित्य होते. तथापि, चित्रपटातील साहसदृश्याला ही संकल्पना आश्चर्यकारक रीतीने लागू पडते.

पडद्यावर नायक उंचावरून उडी घेतो तेव्हा प्रेक्षक एकाच वेळी दोन गोष्टी अनुभवतो. कथेतील संकटाशी तो समरस होतो, त्याचा श्वास अडकतो. त्याच वेळी त्याला हेही जाणवत असते की ही उडी एका हाडामांसाच्या माणसाने खरोखर घेतलेली आहे. पहिली जाणीव भयाची आणि दुसरी विस्मयाची. साहसदृश्याचा आनंद या दोहोंच्या एकत्र असण्यात आहे. यांपैकी एक जरी गळाली तरी दृश्य लंगडे होते.

‘डाय अनदर डे’च्या लाटेत दुसरी जाणीव गळालेली आहे. तेथे कोणताही देह पणाला लागलेला नाही आणि म्हणून पहिलीही टिकत नाही. १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये याच्या उलट घडते. थायलंडमधील एका मोडक्या पुलावरून मोटार हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरते. ही कसरत संगणकावर गणित मांडून आखलेली आणि पहिल्याच प्रयत्नात प्रत्यक्ष पार पाडलेली होती. पण तिच्यावर गमतीच्या शिट्टीचा आवाज चढविला गेला आणि संकट हास्यात विरून गेले. संगीतकार जॉन बॅरी यांनी पुढे या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला. कृती अस्सल होती, पण तिच्याविषयीचे भय काढून घेतले गेले होते.

चित्रपटाची साक्ष

‘क्वांटम’ची अडचण या दोन्ही उदाहरणांपेक्षा वेगळी आहे. येथे कृती अस्सल होती, संकटही गंभीर होते. गेले ते प्रेक्षकाचे पाहणे. सुरुवातीचा मोटारींचा पाठलाग इटलीतील गार्दा सरोवराच्या काठाने आणि कराराच्या संगमरवरी खाणींतून जातो. वळणदार बोगदे, पांढऱ्याशुभ्र दगडाच्या उतरंडी, खाली दरी असे पाठलागाला याहून अनुकूल स्थळ शोधून सापडणार नाही. परंतु कोणती मोटार पुढे, कोणती मागे, दरी कोणत्या बाजूला, हे मनात बसण्यापूर्वीच शॉट बदलतो. चाक, हात, काच, डोळा, ठिणगी अशा तुकड्यांची माळ प्रेक्षकासमोर येते. आघात जाणवतो, मात्र तो कशाचा हे उमगत नाही.

पुढे सिएना शहरात घोड्यांच्या पारंपरिक शर्यतीशी समांतर जोडलेला छपरांवरचा पाठलाग येतो. त्याचा शेवट पराती आणि दोरखंड यांच्या गुंत्यात होतो. कल्पना उत्तम आहे. दोरावर लोंबकळणारी दोन माणसे एकमेकांच्या वजनाने वरखाली होतात, म्हणजे एकाची हालचाल ही दुसऱ्याचे संकट ठरते. पण हा कार्यकारणभाव दाखविण्यासाठी दोघेही एका चौकटीत पुरेसा वेळ दिसावे लागतात. तो वेळच दृश्याला मिळत नाही. हैतीच्या म्हणून दाखविलेल्या बंदरातील होड्यांच्या झटापटीत शत्रूची होडी उलटते, पण ती कशामुळे उलटली हे एका पाहण्यात हाती लागत नाही.

येथे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. एप्रिल २००८ मध्ये गार्दा परिसरातील चित्रीकरणाच्या काळात अपघात झाले आणि एका स्टंट चालकाला गंभीर इजा झाली. खुद्द क्रेग यांनाही चित्रीकरणात दुखापती झाल्या. माणसे जीव धोक्यात घालून जी कृती करतात ती संकलनाच्या मेजावर तुकड्यांत विरघळून जाणार असेल, तर तो धोका कोणासाठी पत्करला गेला? प्रेक्षकाला जे धड दिसतच नाही, त्याचे मोल तो कसे करणार? ‘नीट दिसले पाहिजे’ ही चाहत्याची साधी मागणी या अर्थाने पडद्यामागच्या श्रमाचा आदरही करते.

विरोधी बाजूचा विचार

या मताविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, ‘कॅसिनो रॉयल’च्या शेवटी व्हेस्पर या प्रेयसीला गमावलेला बाँड ‘क्वांटम’मध्ये सूडाने आंधळा झालेला आहे. त्यामुळे दृश्यांचे विस्कळीत रूप त्याच्या मनःस्थितीचेच प्रतिबिंब आहे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरेसा नाही. नायकाचा आंधळेपणा दाखविण्यासाठी प्रेक्षकाला आंधळे करावे लागत नाही. ‘कॅसिनो रॉयल’मधील पाठलागात पळणारा भिंतीच्या वरच्या अरुंद फटीतून मासळीसारखा निसटतो, तर बाँड तीच भिंत अंगाने फोडून पलीकडे जातो. या एका क्षणात बाँडचा हट्ट, त्याचे बळ आणि त्याचे अपुरे कौशल्य हे सारे दिसते. स्वभावचित्रण येथे कृतीतून होते आणि ते होते याचे कारण कृती स्पष्ट दिसते.

‘बोर्न’पटांत अस्थिर कॅमेऱ्याला कथेचा आधार होता. स्मृती गमावलेला, प्रत्येक वळणावर धोका हुंगणारा नायक आणि डळमळणारी चौकट यांचे नाते जुळते. बाँड हा याच्या उलट परिसरावर पकड असलेला नायक आहे. खोलीत शिरताच तिच्या वाटा हेरणाऱ्या माणसाची कथा प्रेक्षकाला खोलीच न दाखवता सांगणे हा शैली आणि व्यक्तिरेखा यांच्यातील विसंवाद ठरतो.

दुसरा आक्षेप असा की, ही तक्रार म्हणजे वेगवान संकलनाला नाक मुरडणे होय. तेही खरे नाही. बाँडपटांना वेगवान संकलनाची देणगी पहिल्या चित्रपटांचे संकलक पीटर हंट यांनीच दिली. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मधील आगगाडीच्या डब्यातील झुंज त्या काळाच्या मानाने कमालीची तुटक आहे. तरीही डब्याची लांबीरुंदी, दार, खिडकी, झुंजीचा निकाल लावणाऱ्या बॅगेची जागा हे सर्व आधीच्या संथ संवादात प्रेक्षकाच्या मनात पक्के झालेले असते. झुंज सुरू झाल्यावर तुकडे जोडण्याचे काम प्रेक्षकाचे मन आपोआप करते. येथे वेग हा दोष नाही. स्थळाची पायाभरणी न करता वेग आणणे हा दोष आहे. या मुद्द्यावर चाहत्यांचे निदानही थोडे चुकले होते. त्यांनी हलत्या कॅमेऱ्यावर आणि ‘बोर्न’च्या पथकावर ठपका ठेवला. वस्तुतः नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळातील लेखकांच्या संपामुळे पटकथेचे काम अडले होते, आणि क्रेग यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे त्यांना व फॉर्स्टर यांना प्रसंगांची डागडुजी करावी लागली. कशासाठी धावायचे हे पुरते ठरलेले नसले की धावण्याचा वेग वाढविण्याचा मोह होतो.

फॉर्स्टर यांची क्षमता ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झ येथील तरंगत्या रंगमंचावरील ‘तोस्का’च्या प्रयोगात दिसते, हेही नमूद केले पाहिजे. बाँड उंच जागेवरून प्रेक्षागारातील शत्रूंना बोलते करतो, तेव्हा कोण कोठे बसले आहे हे स्वच्छ कळते. मग गोळीबार सुरू होतो तेव्हा बंदुकांचे आवाज मागे सारून संगीत पुढे येते. येथेही तुकडे आहेत, पण त्यांना धरून ठेवणारे सूत्र आहे. चित्रपटातील हे दृश्य सर्वाधिक स्मरणात राहते, याचे कारण यात आहे.

नंतरचे चित्रपट

पुढच्या बाँडपटांनी या चिंतेची दखल घेतल्याचे दिसते. ‘स्कायफॉल’ (२०१२) मध्ये ‘कॅसिनो रॉयल’च्या सेकंड युनिटचे दिग्दर्शक अलेक्झांडर विट परतले आणि छायाचित्रण रॉजर डीकिन्स यांनी केले. शांघायच्या काचेच्या इमारतीत निळ्या प्रकाशासमोर दोन काळ्या आकृती झुंजतात, तेव्हा चेहरे दिसत नाहीत, पण प्रत्येक हालचाल दिसते. याच चित्रपटातील आगगाडीच्या टपावरील झुंजीसाठी २०११ मध्ये गोव्यासह भारतातील रेल्वेमार्गांचा विचार झाला होता. अखेर ती तुर्कस्तानात चित्रित झाली.

‘स्पेक्टर’ (२०१५) मध्ये मेक्सिको शहरातील प्रदीर्घ अखंड भासणारा शॉट आहे. परंतु रोमच्या रिकाम्या रस्त्यांवरील मोटारींचा पाठलाग स्पष्ट दिसूनही निर्जीव वाटतो. नायक त्यात निवांतपणे फोनवर बोलतो, म्हणजे त्यालाच संकट जाणवत नाही. स्पष्टता ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे, हे यावरून सिद्ध होते. कॅरी फुकुनागा यांच्या ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) मध्ये जिन्यावरची झुंज सलग शॉटमध्ये उलगडते. प्रत्येक मजल्यागणिक नायकाचे थकणे दिसत जाते. येथे दोन्ही अटी एकत्र येतात.

दरम्यान ‘मिशन : इम्पॉसिबल’ मालिकेने वेगळीच वाट धरली. २०२३ च्या चित्रपटातील नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकलसह घेतलेली उडी कशी साकारली याची चित्रफीत चित्रपटाच्या कितीतरी आधी प्रसिद्ध करण्यात आली. चित्रपटात मात्र उडीसाठी बांधलेला उतार संगणकाने पुसून त्या जागी खडक दाखविला गेला. धोका खरा असल्याची जाणीव अशा वेळी चित्रपटाबाहेरच्या प्रसिद्धीतून पुरवावी लागते. चित्रातून विस्मय उत्पन्न होणे आणि प्रसिद्धीतून त्याची हमी मिळणे या सारख्या गोष्टी नव्हेत.

समारोप

२०२५ मध्ये बाँडमालिकेचे सर्जनशील नियंत्रण अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले आणि पुढील चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून देनी विलनव्ह यांचे नाव जाहीर झाले. त्याबरोबर चाहत्यांच्या आशा-चिंतांचे नवे पर्व सुरू झाले. विलनव्ह यांच्या ‘सिकारिओ’ (२०१५) मध्ये सीमेवर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या पथकाचा प्रसंग आहे. त्यात गोळीबार काही क्षणांचा आहे, पण त्याआधी कोणती गाडी कोठे आहे आणि तिच्यात कोण बसले आहे हे प्रेक्षकाला धीराने दाखविलेले आहे. आशेला त्यामुळे आधार आहे. दिग्दर्शकाची भव्यतेची ओढ माणसाच्या देहाला लहान करून टाकेल काय, ही शंकाही अस्थानी म्हणता येणार नाही.

उपरोक्त विवेचनातून असे म्हणता येईल की, साहसदृश्याच्या आस्वादाला तीन गोष्टी लागतात : स्थळाची ओळख, कृतीचा दिसणारा कार्यकारणभाव, आणि त्या कृतीत काहीतरी पणाला लागलेले असणे. ‘क्वांटम’विषयीच्या चिंतेने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी प्रदर्शनापूर्वीच अचूक हेरल्या होत्या. तिसरीकडे मात्र तिचे दुर्लक्ष झाले. पारिभाषिक शब्द जवळ नसतानाही चाहता समीक्षेच्या प्रश्नापर्यंत पोहोचू शकतो, हे यावरून दिसते. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट-रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. ज्या कलेला संस्थात्मक मान्यता मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, तिची कदर चाहत्यांनी पुष्कळ आधीपासून केलेली होती.

महाविद्यालयीन वर्गांतून चित्रपट-आस्वाद शिकविताना याचे भान उपयुक्त ठरेल. ‘मारामारी छान होती, पण काही कळलेच नाही’ असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा ते विधान उथळ म्हणून बाजूला सारण्याऐवजी ‘काय कळले नाही, आणि कोणत्या शॉटपासून?’ हा प्रश्न विचारला जावा. उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला दृश्य पुन्हा पाहावे लागेल, स्थळ, क्रम आणि कारण शोधावे लागेल. समीक्षेचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.